पाने शाबूत होती, अनुक्रमणिका फाटली होती

संगणकातली पुस्तकाची फाईल बिघडली तर काय करावे आणि काय करू नये?

दोन वर्षांपूर्वीची गोष्ट. डिसेंबर महिना होता. महापरिनिर्वाण दिन होऊन दहा-बारा दिवस झाले होते. बिलोलीत आमच्या विहाराला लागून एक छोटी अभ्यासिका आहे आणि तिथे एक जुना संगणक आहे. त्या संगणकावर आमचा एक तरुण कार्यकर्ता पुस्तकाचे काम करीत बसला होता. सहा-चाळीसला वीज गेली. बिलोलीत वीज जाणे ही काही कळवण्यासारखी बातमी नव्हे. पण त्या दिवशी संगणकाच्या बॅटरीनेही दगा दिला. फाईल सेव्ह होत असतानाच पडदा काळा झाला. वीज आल्यावर त्याने पेनड्राईव्हवरची फाईल उघडायला घेतली, तर ती उघडेना. फाईल सदोष आहे, एवढेच वाक्य पडद्यावर येत राहिले.

रात्री आठला तो पोरगा माझ्या दारात उभा राहिला. जय भीम घातला आणि पुढचे शब्द त्याच्या तोंडून फुटेनात. शेवटी म्हणाला, "काका, सगळं गेलं."

काय गेले होते? सत्तावीस माणसांचे बोलणे गेले होते.

२७ जुलै १९७८ रोजी महाराष्ट्र विधिमंडळाच्या दोन्ही सभागृहांनी मराठवाडा विद्यापीठाला बाबासाहेबांचे नाव देण्याचा ठराव केला आणि मराठवाड्यात आपल्या वस्त्या पेटल्या, हे आपल्या घराघरांतल्या थोरांना सांगायला नको. आमच्या नांदेड जिल्ह्यातल्या टेंभुर्णीचे पोचीराम कांबळे त्याच ऑगस्टमध्ये मारले गेले. पुढे २५ नोव्हेंबर १९९३ रोजी नांदेडला गौतम वाघमारे यांनी स्वतःला पेटवून घेतले. १४ जानेवारी १९९४ रोजी नामविस्तार झाला. ही नावे आणि तारखा पुस्तकांत आहेत. पण ज्यांनी त्या ऑगस्टच्या रात्री ज्वारीच्या रानात लेकरांना छातीशी धरून काढल्या, ज्यांचे धान्य आणि दोन भांडी जळाली, ज्यांनी गाव सोडले आणि परत आले, त्यांची नावे कोणत्या पुस्तकात आहेत? आम्ही चार-सहा कार्यकर्त्यांनी तीन हिवाळे फिरून बिलोली आणि आसपासच्या गावांतल्या अशा सत्तावीस वृद्धांचे बोलणे लिहून घेतले होते. छापायला पैसे नव्हते, म्हणून आधी ई-पुस्तक करायचे ठरले. मोबाईल आता प्रत्येक घरात आहे. पुण्या-मुंबईला आणि हैदराबादला कामाला गेलेली आपली पोरेही ते वाचतील, हा विचार होता. १४ जानेवारीला प्रकाशन करायचे होते.

संगणक अभ्यासिकेचा, त्यावर दहा पोरांचे हात. म्हणून तो मुलगा सगळे काम पेनड्राईव्हवरच ठेवी आणि पेनड्राईव्ह खिशात घेऊन घरी जाई. त्याने निष्काळजीपणा केला असे मी म्हणणार नाही. त्याने जपले होते, पण एकाच ठिकाणी जपले होते. आणि त्या सत्तावीस जणांपैकी पाच जण तोवर आपल्यातून गेले होते. त्यांच्याकडे पुन्हा वही-पेन घेऊन जाण्याची सोय राहिली नव्हती.

पाच लोखंडी पेट्या

त्या रात्री मला झोप आली नाही. डोळ्यांसमोर बाबासाहेबांच्या पेट्या येत राहिल्या.

६ डिसेंबर १९५६ रोजी दिल्लीच्या २६, अलीपूर रोडवरच्या घरात बाबासाहेबांचे महापरिनिर्वाण झाले. 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' हा ग्रंथ पुढच्या वर्षी, १९५७ मध्ये प्रसिद्ध झाला. पण त्यांचे कितीतरी लिखाण अप्रकाशित राहिले होते. काही हस्तलिखित, काही टंकलिखित, काही पुरे तर काही अर्धवट. ते सगळे कागद आधी दिल्ली उच्च न्यायालयाच्या ताब्यात गेले आणि नंतर महाराष्ट्राच्या प्रशासक-महाअभिकर्त्याकडे आले. पेट्या बंद होत्या आणि वर्षे जात होती. नागपूरचे वकील जे. बी. बनसोड यांनी उच्च न्यायालयात धाव घेतली. त्यांची मागणी साधी होती. हे साहित्य राष्ट्रीय महत्त्वाचे आहे, ते मला प्रसिद्ध करू द्या, नाही तर सरकारला प्रसिद्ध करायला सांगा. तो दावाही बरीच वर्षे पडून राहिला.

१९७६ मध्ये शासनाने बाबासाहेबांच्या चरित्र साधनांची प्रकाशन समिती नेमली. १९७८ मध्ये नागपूरच्या वस्तीत वाढलेले वसंत मून तिथे विशेष कार्य अधिकारी म्हणून आले. पहिला खंड १४ एप्रिल १९७९ रोजी निघाला. पण मून यांचे लक्ष त्या बंद पेट्यांवर होते. ते बाबासाहेबांच्या वारसांना स्वतः भेटले, महाअभिकर्त्याला भेटले. वारसांनी मोठ्या मनाने संमती दिली. १८ सप्टेंबर १९८१ रोजी पेट्या समितीकडे देण्याचे ठरले. बाबासाहेबांचे जवळचे सहकारी म. भि. चिटणीस आणि सिद्धार्थ महाविद्यालयाचे माजी ग्रंथपाल शां. शं. रेगे यांनी ते कागद तपासले. पाच लोखंडी पेट्यांत ते नीट ठेवले गेले. १९५६ ते १९८१ अशी पंचवीस वर्षे हे लिखाण अंधारात होते.

पेट्या उघडल्या म्हणजे पुस्तक हाती आले असे नाही. सुटी पाने, वेगवेगळ्या फाईलींत विखुरलेली प्रकरणे, मधलीच पाने गहाळ. बाबासाहेबांनी केलेले प्रकरणांचे आराखडे हाती होते, त्यांच्याशी पाने ताडून पाहायची. कोणते पान कोणत्या ग्रंथाचे, हे ठरवायचे. या कष्टांतून १९८७ मध्ये तिसरा खंड आला. त्याच वर्षी चौथा, म्हणजे 'रिडल्स इन हिंदुइझम' आला आणि १९८९ मध्ये पाचवा. 'रिडल्स'वरून पुढे काय वादळ उठले, ते आपल्या चळवळीला ठाऊक आहे.

पण मला त्या रात्री आठवली ती दुसरीच गोष्ट. त्या खंडांत अनेक प्रकरणांच्या सुरुवातीला संपादकांची टीप आहे. या प्रकरणाची इतकीच पाने मिळाली, अमुक पाने सापडली नाहीत, असे त्यात स्पष्ट सांगितले आहे. गहाळ पानांच्या जागी कोणी आपल्या मनाचे लिहिले नाही. ही गोष्ट लक्षात ठेवा; पुढे तिचे काम पडणार आहे.

आधी हात लावू नका

दुसऱ्या दिवशी रजेचा अर्ज टाकला आणि आम्ही दोघे नांदेडला गेलो. तिथे आपल्याच समाजातला एक मुलगा संगणक दुरुस्तीचे दुकान चालवतो. त्याने पेनड्राईव्ह हातात घेण्याआधी एकच प्रश्न विचारला, "काल रात्रीपासून यावर काय काय केलंत?"

आमच्या पोराने सुदैवाने काही केले नव्हते. संगणकाने त्याला विचारले होते की, पेनड्राईव्हमध्ये दोष आहे, दुरुस्त करू का? त्याने भीतीने "नाही" केले होते. त्या "नाही"नेच आम्हाला वाचवले असावे. दुकानातल्या मुलाने जे सांगितले, ते मी कारकुनी सवयीप्रमाणे वहीत उतरून घेतले. वाचकांच्या उपयोगाचे आहे म्हणून देतो.

एक, फाईल बिघडली की त्या पेनड्राईव्हवर, त्या कार्डावर पुढे काहीही लिहू नका. नवीन काही सेव्ह करू नका. आपण फाईल पुसली किंवा ती तुटली, तरी जुना मजकूर लगेच नाहीसा होत नाही. ती जागा "रिकामी" अशी फक्त नोंद होते. त्यावर नवे लिहिले, की मग मात्र जुने कायमचे जाते.

दोन, "फॉरमॅट करू का?" असे संगणकाने विचारले तर कधीही हो म्हणू नका.

तीन, बिघडलेल्या फाईलची आधी नक्कल करून घ्या, शक्य तर दोन नकला, आणि त्या दुसऱ्या जागी ठेवा. दुरुस्तीचे सगळे प्रयोग नकलेवर करा. मूळ तशीच राहू द्या.

चार, फाईलचे वजन पाहा. ते शून्य दाखवत असेल, तर त्या फाईलीत शोधण्यासारखे काही नाही. दुसरीकडे शोधावे लागेल. वजन असेल, तर आत काहीतरी आहे.

आमच्या फाईलला वजन होते. आधीच्या निम्म्याहून जास्त.

फाईल म्हणजे बांधलेले बाड

आता एक गोष्ट समजून घेऊ या, कारण ती समजली की निम्मी भीती जाते. आपल्याला वाटते, पुस्तकाची फाईल म्हणजे एक अखंड वस्तू. ती बिघडली म्हणजे मडके फुटले, पाणी गेले. तसे नसते.

ई-पुस्तकाची जी ईपब नावाची फाईल असते, ती खरे म्हणजे एक बांधलेले बाड आहे. संगणकवाले त्याला झिप म्हणतात. या बाडात प्रत्येक प्रकरणाची वेगळी फाईल असते, प्रत्येक फोटोची वेगळी फाईल असते. कोणते प्रकरण आधी आणि कोणते नंतर, हे सांगणारी एक यादीही असते. हे सगळे दाबून एकत्र बांधलेले असते. गंमत अशी, की या बाडाची अनुक्रमणिका पहिल्या पानावर नसते. ती अगदी शेवटी लिहिली जाते. आधी एकामागून एक सगळी प्रकरणे, आणि शेवटी "अमुक प्रकरण अमुक जागी" ही नोंद. साधा प्रोग्राम आधी शेवटाकडे जातो आणि अनुक्रमणिका शोधतो. ती नसली, की तो हात वर करतो आणि "फाईल सदोष आहे" म्हणून सांगतो.

आमचे तेच झाले होते. फाईल लिहिली जात असताना वीज गेली. बाडाचे शेवटचे टोक लिहायचे राहून गेले. अनुक्रमणिका नव्हती, पण आधीची पाने जागेवर होती. प्रत्येक प्रकरणाच्या आधीही त्याचे नाव आणि माप लिहिलेले असते. म्हणून अनुक्रमणिका नसली, तरी एकेक पान चाळत जाऊन प्रकरणे काढता येतात.

दुकानातल्या मुलाने नकलेचे नाव बदलले. शेवटचे "ईपब" काढून "झिप" केले. सेव्हन-झिप नावाचा एक प्रोग्राम फुकट मिळतो, त्यात ती फाईल उघडली. प्रोग्रामने आधी कुरकूर केली, की फाईल अचानक संपते. पण तरी यादी दाखवली. आमच्या पोराने खुर्चीतून उठून पडद्याला जवळजवळ नाक लावले. प्रकरण १, प्रकरण २, प्रकरण ३ अशी फाईलींची रांग होती.

प्रत्येक तुकड्याबरोबर एक तपासणीचा आकडा साठवलेला असतो. आम्ही बी.कॉम.वाले याला लगेच ओळखतो. खतावणीच्या पानाच्या तळाशी बेरीज लिहिलेली असते ना, तसाच तो. पान पुन्हा मोजायचे आणि बेरीज जुळते का पाहायचे. जुळली, तर पान अस्सल आणि पूर्ण. आमच्या चोवीस प्रकरणांची बेरीज जुळली. एक प्रकरण अर्ध्यावर तुटले होते. दोन प्रकरणे आलीच नाहीत. फोटोही गेले होते, पण त्यांची चिंता नव्हती. ते फोनमध्ये होते.

ही गोष्ट ईपबपुरती नाही. आपली मुले लिबरऑफिसमध्ये किंवा वर्डच्या नव्या पद्धतीत जी फाईल बनवतात, तीही आतून असेच बाड असते, आणि हीच युक्ती तिथेही कधी कधी चालते. स्क्रिव्हनरसारख्या लेखनाच्या प्रोग्रामात तर अख्खा प्रकल्प म्हणजे एक फोल्डर असतो. त्यात प्रत्येक भागाची वेगळी फाईल असते, आणि प्रकल्प बंद करताना प्रोग्राम आपोआप एक जादा प्रत करून ठेवतो. प्रकल्प उघडला नाही, तर आधी ती प्रत शोधावी. लिबरऑफिसमध्येही नेहमी जुनी प्रत ठेवण्याची सोय आहे; ती सुरू आहे ना, हे पाहून घ्यावे. गूगल डॉक्समध्ये मागच्या आवृत्त्या पाहता येतात. फोनवर टाईप करणाऱ्यांना ती सोय फार उपयोगी आहे.

वाचता येत नाही म्हणजे बिघडली असे नाही

त्याच दुकानात आणखी एक शंका फिटली. २००१ साली आमच्याकडे एक स्मरणिका निघाली होती. तिची सीडी माझ्याकडे होती. उघडली की सगळी इंग्रजी अक्षरांची खिचडी दिसायची. मी समजत होतो, सीडी कामातून गेली. तिला काहीही झाले नव्हते.

त्या काळात मराठी टाईप करताना इंग्रजी अक्षरांच्या जागी मराठी अक्षरांची चित्रे बसवत. प्रत्येक कंपनीच्या फाँटची मांडणी वेगळी. एकाचा "क" जिथे, तिथे दुसऱ्याचा "म". तो फाँट संगणकात नसला, की खालची इंग्रजी अक्षरे उघडी पडतात. १९९१ मध्ये युनिकोड आले. जगातल्या अनेक लिप्यांतल्या अक्षरांना त्यात क्रमांक मिळाले, आपल्या देवनागरीलाही. आपल्याकडे ते रुळायला मात्र २००० नंतरची बरीच वर्षे जावी लागली. म्हणून ज्यांच्याकडे जुन्या जयंतीच्या पत्रिका, स्मरणिका, पुस्तिका अशा खिचडीच्या रूपात पडून आहेत, त्यांनी त्या पुसू नयेत. कोणता फाँट वापरला होता, हे टाईप करणाऱ्याला विचारून ठेवावे. फाँट कळला, की मजकूर युनिकोडमध्ये बदलून देणारे प्रोग्राम मिळतात. नंतर शुद्धलेखन तपासावे लागते, कारण जोडाक्षरे आणि रफार चुकतात. पण मजकूर वाचतो.

आमचे ई-पुस्तक युनिकोडमध्ये होते. म्हणूनच तुटक्या बाडातून काढलेली प्रकरणे साध्या नोटपॅडमध्ये उघडली, तरी मराठी वाचता आले. मधे मधे खुणांची अक्षरे होती, एवढेच.

ट्रंकेतले कागद

चोवीस प्रकरणे घेऊन आम्ही बिलोलीला परतलो. नवे कोरे पुस्तक उघडून त्यात एकेक प्रकरण जोडले. फाईलींना नुसते क्रमांक होते, त्यामुळे प्रत्येक उघडून वाचायची, वहीशी ताडायची आणि जागेवर लावायची. आठ रात्री लागल्या. घरची मंडळी म्हणत, संसार वाऱ्यावर टाकलास. पण एके रात्री चहा घेऊन आलेली माझी बायको वाचत थांबली आणि पहाटेपर्यंत उठली नाही. तिच्या माहेरच्या गावची कथा होती ती.

अर्धवट प्रकरणाचे रेकॉर्डिंग फोनमध्ये होते. ते ऐकून उरलेले पुन्हा लिहिले. राहिली दोन.

त्यांतल्या एका मामांचे कथन आम्ही आधी कागदावर काढून त्यांना वाचायला दिले होते. मामा आता नाहीत. त्यांच्या घरी गेलो. मुलगा म्हणाला, मला काही माहीत नाही. सून उठली, ट्रंक उघडली. रेशनकार्ड, जमिनीचे कागद आणि लेकरांच्या गुणपत्रिका ठेवल्या होत्या, त्याच प्लॅस्टिकच्या पिशवीत आमची सहा पाने घडी करून ठेवलेली. पहिल्या पानावर मामांनी पेन्सिलीने एक दुरुस्तीही केली होती. आम्ही गावाचे नाव चुकीचे लिहिले होते. संगणक फसला तिथे ट्रंक उपयोगी पडली.

एक कोरे पान

शेवटचे कथन एका आजीचे होते. आजी पावसाळ्यात गेल्या होत्या. ज्या फोनवर त्यांचे बोलणे रेकॉर्ड केले, तो फोन विकला गेला होता. कागदावर प्रत काढली नव्हती. माझ्या वहीत घाईत टिपलेल्या तीनच ओळी होत्या. रात्री दिवा विझवला. लेकरांची तोंडे हाताने दाबून धरली. बाबासाहेबांची तसबीर लुगड्यात गुंडाळून नेली.

आमची बैठक बसली. कोणी म्हणाले, आजींचे बोलणे आपण सगळ्यांनी ऐकले आहे. आठवून लिहून टाकू, कोणाला कळणार आहे? कोणी म्हणाले, प्रकरणच गाळू, सव्वीस तर सव्वीस. दोन्ही बाजूंनी बोलणारे मनाने चांगलेच होते. आजींचे नाव राहावे, एवढीच त्यांची इच्छा होती.

मी त्या बैठकीत बाबासाहेबांच्या खंडांतल्या टिपांची आठवण दिली. बाबासाहेबांच्या लिखाणातली गहाळ पाने भरायला त्या विद्वान संपादकांनी हात लावला नाही, तर आजींच्या तोंडी आपले शब्द घालणारे आपण कोण? नामांतराचा इतिहास नाकारणारे कमी नाहीत. उद्या कोणी आपल्या पुस्तकातले एक पान बनावट दाखवले, तर बाकीच्या सव्वीस माणसांनाही तो खोटे ठरवील. आणि गाळायचे तरी का? हरवले हीसुद्धा घडलेलीच गोष्ट आहे.

ठरले ते असे. आजींच्या नावाचे पान ठेवायचे. त्यावर वहीतल्या तीन ओळी जशाच्या तशा द्यायच्या. खाली लिहायचे, की यांचे सविस्तर कथन आमच्या हातून हरवले.

आम्ही हे सांगायला त्यांच्या घरी गेलो. आजींची नात नांदेडला नर्सिंग शिकते, ती सुट्टीला आली होती. तिने ऐकून घेतले. रागावेल असे वाटले होते. ती म्हणाली, "आजी मला हे झोपताना सांगायची. तिनं तुम्हांला काय सांगितलं ते मला माहीत नाही. मला काय सांगितलं ते मी सांगते." आम्ही वही उघडली. ती दीड तास बोलली. पुस्तकात आजींच्या तीन ओळींच्या पानासमोर ते कथन आहे, नातीच्या स्वतःच्या नावाने. आजीने नातीला सांगितलेले म्हणून.

पुस्तक १४ जानेवारीला नाही, १४ एप्रिलला निघाले.

स्थळप्रत कुठे आहे?

सरकारी कचेरीत एक शिस्त असते. पत्र बाहेर गेले, की त्याची स्थळप्रत फाईलला लागते आणि जावक नोंदवहीत क्रमांक पडतो. पत्र टपालात हरवले तरी कचेरीला काही होत नाही. ही शिस्त मी वीस वर्षे पोटासाठी पाळली आणि समाजाच्या कामात विसरलो. चूक पोराची नव्हती. विचारायचे काम माझ्यासारख्या थोराचे होते.

आपल्या धम्माच्या इतिहासातही हा धडा आहे. भगवान बुद्धांची वचने शेकडो वर्षे भाणक भिक्खूंनी मुखपाठ करून सांभाळली. इसवी सनापूर्वी पहिल्या शतकात श्रीलंकेत वट्टगामणी राजाच्या काळात मोठा दुष्काळ पडला, युद्धे झाली, भिक्खू मेले आणि पांगले. अट्ठकथेत सांगितले आहे, की महानिद्देस हा ग्रंथ त्या वेळी एकाच भिक्खूला पाठ राहिला होता. तो गेला असता तर ग्रंथ गेला असता. म्हणून इतरांनी त्याच्याकडून तो शिकून घेतला. त्याच काळात संघाने तिपिटक ताडपत्रावर लिहून काढले. एकाच्या कंठात राहिलेला ग्रंथ आणि एकाच पेनड्राईव्हवर राहिलेले पुस्तक, यांत धोका एकच आहे.

म्हणून आमच्या मंडळाने आता नियम केला आहे. प्रत्येक कामाच्या तीन प्रती ठेवायच्या. एक संगणकात, दुसरी वेगळ्या साधनावर, तिसरी गावाबाहेर. गावाबाहेर म्हणजे मेलने स्वतःलाच पाठवलेली, किंवा पुण्याला असलेल्या भावाकडे ठेवलेली. काम पेनड्राईव्हवर थेट करायचे नाही. संगणकावर करायचे, मग नक्कल उतरवायची, आणि पेनड्राईव्ह झटक्यात ओढून काढायचा नाही. दर रविवारी फाईलच्या नावात तारीख घालून नवी प्रत करायची. जुनीवरच पुन्हा लिहायचे नाही, कारण बिघडलेली फाईल चांगलीवर चढली, की दोन्ही जातात. महिन्यातून एकदा ठेवलेली प्रत उघडून पाहायची. न उघडलेल्या प्रतीवर भरवसा ठेवू नये. आणि प्रत्येक प्रकरण पुरे झाले, की कागदावर काढून ज्याचे आहे त्याच्या घरी द्यायचे.

पुस्तक लिहिणाऱ्यांपुरता हा नियम नाही. आपल्या घरात मुलांचे जातीचे प्रमाणपत्र, जात वैधता, गुणपत्रिका, आईवडिलांचे फोटो आज एकाच मोबाईलमध्ये असतात. मोबाईल पाण्यात पडला, की प्रवेशाची तारीख निघून जाते. आज रात्री जेवणे झाली, की मुलामुलींना जवळ बसवा आणि विचारा, याची दुसरी प्रत कुठे आहे? उत्तर आले नाही, तर त्याच रात्री करून ठेवा.

आणि घरात ऐंशी वर्षांचे कोणी असेल, तर आधी त्यांच्याजवळ बसा. काय आठवते ते विचारा आणि लिहून घ्या. त्यांची दुसरी प्रत नाही.

जय भीम!